अधिक महिन्याची परवानगी

ग्वांगशिकने मेंग साहेबांच्या ओल्या मांडीवर दोन चापट्या मारल्या. आमच्या सोबॉक गावच्या हमामखान्यात सगळे जग याच दोन चापट्यांवर वळते, पोटावरून कुशीवर आणि कुशीवरून पाठीवर. मेंग साहेबही वळले. संरक्षण खात्याचे रहिवासी-संपर्क अधिकारी म्हणून ते तीन वर्षांपूर्वी राजधानीतून आमच्याकडे आले. रहिवाशांशी त्यांचा जो काही संपर्क झाला, तो मुख्यतः याच गुलाबी रेक्झिनच्या टेबलावर, ग्वांगशिकने हातात चढवलेल्या, अंग घासायच्या हिरव्या खरखरीत पिशवीमार्फत.

"साहेब, गुरुवारची बैठक नक्की ना?" काखेपाशी घासत ग्वांगशिकने विचारले.

"नक्की म्हणजे? आपल्या बाजूनं एकदम नक्की."

"आणि त्यांच्या बाजूनं?"

"आपण नक्की आहोत हे त्यांना कळवलंय."

"मग ते काय म्हणाले?"

"कळलं म्हणाले." मेंग साहेब कळवळले. "अरे हळू! ती बरगडी आहे माझी, मळ नाही."

मी पलीकडे गरम हौदात गळ्यापर्यंत बसून ऐकत होतो. नागड्या माणसाला खोटे बोलता येत नाही असे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी मेंग साहेबांना पाहिलेले नाही. तसे ते खोटेही बोलत नसत. ते फक्त खरे पूर्ण होऊ देत नसत.

प्यो ग्वांगशिकने एकसष्टी गाठली आहे. उभी हयात त्याने गावाची अंगे घासली. जिल्हाप्रमुखाचीही पाठ त्याच्या ओळखीची आणि मासळीवाल्याचीही. आणि दोन्हींतून सारखाच मळ निघतो, हे तो कोणाला सांगत नाही. स्वभावाने गरीब, घासायला कडक. त्याचे मागणे एकच होते. दालमी टेकडीवर पुरलेल्या बापाची हाडे त्याला अधिक महिना संपायच्या आत खाली आणायची होती.

त्याच्या बापाने जन्मभर अमेरिकन तळावर बॉयलर सांभाळला. नोकरी सुटल्यावर म्हणाला, आता तळाचे तोंड बघणार नाही, आणि पुढे दोन वर्षांत वारला. प्यो घराण्याच्या रिवाजाप्रमाणे त्याला दालमीवर पुरले आणि शेजारी बायकोसाठी एक रिकामा उंचवटा करून ठेवला. आमच्याकडे तसे करतात. जागा अडवून ठेवलेली बरी. ती बायको, ग्वांगशिकची आई, म्हणजे जॉमसूनकाकू. त्या दरवर्षी सुगीच्या सणाआधी वर जायच्या. ग्वांगशिक दोन्ही उंचवट्यांवरचे गवत कापायचा आणि काकू आपल्या रिकाम्या थडग्याला टेकून भाजलेले चेस्टनट खायच्या. म्हणायच्या, "घर छान आहे. ऊनही सकाळचं येतं."

मग टेकडीवर अमेरिकनांचे रडार आले. म्हातारा तळ सोडून आला होता, तर तळ त्याच्या मागे आला.

उत्तर कोरियातून येणारी क्षेपणास्त्रे पाहण्यासाठी ते आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. चिनी म्हणाले, ते आमच्याकडे पाहते. अमेरिकन म्हणाले, छे, तुमच्याकडे त्याची पाठ आहे. आमचे सरकार म्हणाले, पाहते, पण मनात काही ठेवत नाही. पहिल्या वर्षी सगळे गाव रस्त्यात बसले. दुसऱ्या वर्षी आम्ही सावली बघून बसलो. तिसऱ्या वर्षी ज्याला गुडघे होते तो बसला. चिन्यांनी रागाने पर्यटकांच्या बसगाड्या बंद केल्या, तेव्हा बाजारातल्या जिनसेंगवाल्याने आपली चिनी पाटी उतरवून तिच्या मागच्या अंगाला इंग्रजी रंगवून घेतली. पुढे अमेरिकेने जकात वाढवली आणि पाटी पुन्हा उलटली. सध्या ती आडवी ठेवून तिच्यावर मुळे वाळत घालतात.

या सगळ्यात प्योंचे थडगे कुंपणाच्या आत राहिले. पहिल्या शरदात ग्वांगशिकला दोन सैनिकांच्या पहाऱ्यात गवत कापू दिले. दुसऱ्या वर्षी परवानगी आली तेव्हा गवतावर बर्फ होते. तिसऱ्या वर्षी ती आलीच नाही. ज्याच्या बापाच्या थडग्यावर गवत वाढते, त्याच्याकडे आमच्या गावात लोक बघतात कसे, हे सांगायला नको. दाढी न केलेला माणूस लग्नाला आला तर जसे बघतील तसे.

त्यात यंदा काकूंची तब्येत खालावली. सत्त्याऐंशी वय, छातीत पाणी. डॉक्टरांनी ग्वांगशिकला बाहेर बोलावून काय सांगायचे ते सांगितले. काकूंनी त्याला आत बोलावून आपले सांगितले, "मला त्या फाटकातून वर न्यायला तुला सही मिळणार नाही. त्यापेक्षा त्यांना खाली आण. नाल्याकाठच्या आपल्या तुकड्यात दोघांना ठेव. यंदा अधिक महिना आहे."

थडगे हलवायचे ते अधिक महिन्यातच. आमचे ब्यॉन आजोबा जागा बघून देतात, दिशा सांगतात. त्यांनी हे फार सोपे करून सांगितले आहे. "बाकीचे महिने देवांचे. एकेका महिन्यावर एकेकाचा पहारा. हा जादाचा महिना कोणाच्याच नावावर नाही, म्हणून सगळे रजेवर. तेवढ्यात मेलेल्याला उचललं तर कोणी विचारत नाही. एरवी उचललं तर मुलाबाळांना भोवतं." आणि पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. काकूंकडे तीन वर्षे नव्हती. हे सगळ्यांना माहीत होते, फक्त समितीच्या विषयपत्रिकेवर नव्हते.

टेकडीवरचे काहीही हलवायचे तर आमच्या आणि अमेरिकेच्या संयुक्त समितीची मंजुरी लागते. गुरुवारी ती समिती बसायची होती.

गुरुवारी समिती बसली आणि लगेच उठली. आदल्या दिवशी अमेरिकेत कोणीतरी मोठा माणूस भाषणात म्हणाला होता, की कोरियन लोक आमच्या जिवावर फुकट झोपतात. आमच्याकडच्या कोणा मोठ्या माणसाने उत्तर दिले, की आम्हाला झोपच येत नाही. मग आधी झोपेचा खर्च ठरवू, बाकीचे नंतर, असे म्हणून पाहुणे फायली मिटून निघून गेले.

"म्हणजे माझ्या बापाचं राहिलं," पुढच्या आठवड्यात टेबलाशी ग्वांगशिक म्हणाला.

"राहिलं नाही. प्रलंबित आहे."

"फरक काय, साहेब?"

"राहिलेलं आपण विसरतो. प्रलंबित आपल्या लक्षात असतं." मेंग साहेब पोटावर पडल्या पडल्या हनुवटी उचलून म्हणाले, "आणि आता दुसरीच अडचण आलीय. चिनी दूत येतोय. पाच वर्षांनी येतोय. बसगाड्या परत चालू होतील म्हणतात."

"येऊ दे की. मी त्याचीही पाठ घासतो."

"तू खोदणार ना?"

"खोदल्याशिवाय बाप कसा बाहेर येणार? हाक मारून?"

"ते खोदणं वरून दिसतं." मेंग साहेबांनी ओले बोट छताकडे केले. "त्यांचे उपग्रह रोज आपल्या टेकडीचा फोटो काढतात. उद्या फोटोत ताजा खड्डा दिसला की ते म्हणणार, नवीन तोफ बसवताहेत. दूत विमानतळावरूनच परत."

"मग त्यांना सांगा, थडगं आहे."

"सांगितलं तर म्हणतील, थडग्याचं नाव करून तोफ बसवताहेत."

ग्वांगशिकने हात थांबवला. "बरं, मग अमेरिकनांना तरी चालेल?"

"त्यांनाही उपग्रह आहेत ना! ते म्हणणार, चिन्यांना खूश करायला हे रडार उखडायला लागले. एका फावड्यानं दोघांना राग येतो. असं फावडं मी नोकरीत कधी बघितलं नव्हतं."

"वर तंबू ठोकून खणलं तर?"

"तंबू!" मेंग साहेब जवळजवळ उठून बसले. "अरे, तंबू म्हणजे तर खात्रीच झाली!"

ग्वांगशिकने बादलीभर पाणी मेंग साहेबांच्या पाठीवर ओतले. ते गरम हौदातले असायला हवे होते. थंड हौदातले होते. साहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तीन वर्षांतला त्यांचा पहिला पूर्ण खरा उद्गार होता.

दूत आला, जेवला, गेला. बसगाड्यांबद्दल वातावरण सौहार्दाचे होते. बसगाड्या आल्या नाहीत. अधिक महिना मात्र चालला होता. घरी काकू उशीला टेकून रोज विचारत, "आज काय म्हणाले?" आणि ग्वांगशिक रोज सांगत असे, "प्रलंबित आहे, आई."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे लक्षात आहे त्यांच्या."

"माझ्याही लक्षात आहे. म्हणून काय झालं?"

तो दर सकाळी नाल्याकाठच्या तुकड्यावर जाऊन येई. दोन खड्डे त्याने आधीच खणून ठेवले होते, कडा ओळंब्याने सरळ केल्या होत्या. पाऊस झाला की ते भरत. हा पाणी उपसून पुन्हा कडा सरळ करी. मी एकदा म्हटले, "अरे, आधी सही तर येऊ दे." तो म्हणाला, "दादा, निदान खड्ड्यांमुळे तरी उशीर नको."

मग समितीकडून चक्क विचारणा आली. मेंग साहेबांनी ती वाचून दाखवली तेव्हा मी गुडघ्यापर्यंतच पाण्यात होतो, म्हणून वाचलो. मित्रराष्ट्राला, म्हणजे अमेरिकनांना, अर्जातले एक वाक्य कळले नव्हते. 'या महिन्यात देव रजेवर असतात' असे ब्यॉन आजोबांच्या सांगण्यावरून त्यात लिहिले होते. मित्रराष्ट्राने अत्यंत आदराने विचारले होते, की हे देव कोणत्या यंत्रणेखाली येतात, टेकडीवर त्यांचा वावर कायमचा आहे का, आणि त्यांच्या परतीची तारीख सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी मिळेल का.

"सक्षम अधिकारी कोण धरू?" मेंग साहेबांनी गंभीरपणे विचारले.

"ब्यॉन आजोबाच," ग्वांगशिक म्हणाला.

ब्यॉन आजोबांनी लेखी दिले. चष्मा लावून, शिक्का मारून, महिना संपला की दुसऱ्या दिवशी, अमुक तारखेला, पहाटे सर्व देव कामावर रुजू होतात असे लिहिले. मेंग साहेबांनी ते तीन प्रतींत वर पाठवले. मला वाटते, त्यांनी मनापासून केले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या वर माणसे फार होती.

आणि परवानगी आली.

मेंग साहेब ती घेऊन अंघोळीची वेळ नसताना, पूर्ण कपड्यांत हमामखान्यात शिरले. आम्ही त्यांना प्रथम ओळखलेच नाही. "झालं!" ते म्हणाले. "दोन्ही बाजूंच्या सह्या. खोदणारे दोन, दिशा सांगणारा एक, नातेवाईक एक. दिवसभर. उपग्रहांचंही बोलणं झालंय वरच्या पातळीवर."

ग्वांगशिकने हात पुसून कागद घेतला. वाचला. परत वाचला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. आमच्या कॅलेंडरांवर मोठ्या आकड्यांखाली बारीक अक्षरांत जुन्या पंचांगाची तिथी असते. त्याने बोट ठेवले आणि ते तिथेच राहिले.

"साहेब, ही तारीख अधिक महिना संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे."

"हो. म्हणजे तेच ना? तुमच्या आजोबांनीच दिली होती तारीख."

"ती देव परत येण्याची तारीख होती."

मेंग साहेबांनी टोपी काढली. समितीला त्या पत्रात एकच तारीख सापडली होती आणि ती त्यांनी मान्य केली होती. परकी माणसे कोणी घरी परतत असेल, तर त्या दिवशी भेटायला जातात. त्यांच्या दृष्टीने त्यांनी सौजन्यच दाखवले होते.

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे," मेंग साहेब पुटपुटले. "पहिल्या दिवशी कोण एवढं काम करतं? मी स्वतः रजेवरून आलो की पहिला दिवस टेबल पुसतो."

"बदलून द्या ना, साहेब. एक दिवस अलीकडे."

"बदल म्हणजे नवा अर्ज, ग्वांगशिक."

ग्वांगशिक त्या तीन वर्षांत एकदाच ओरडला, तो तेव्हा. "मग माझ्या आईला सांगा! या, चला घरी, आणि प्रलंबित म्हणजे काय ते तिला समजावून सांगा!" टाइल्सवरून त्याचा आवाज चारही भिंतींवर आपटून परत आला. मासळीवाला थंड हौदातून डोके काढून बघू लागला. मग ग्वांगशिकने कमरेत वाकून माफी मागितली. मेंग साहेबांनीही वाकून माफी मागितली. दोघे बराच वेळ वाकलेले होते, कारण आधी कोणी सरळ व्हायचे ते कळेना.

घरी ब्यॉन आजोबांनी नकारार्थी मान हलवली. "मी दिशा सांगायला येणार नाही. पहिल्या दिवशी तर देव सगळ्यात चिडलेले असतात. भोवेल ते याला भोवेल, पोराबाळांना भोवेल."

"भोवू दे," ग्वांगशिक म्हणाला. "मी उचलतो. आई, तू बोल फक्त."

काकू खिडकीकडे बघत होत्या. बाहेर रातकिडे भर दुपारी रात्र झाल्यासारखे ओरडत होते. "माणसं किती जाऊ शकतात म्हणालास?"

"चार."

"मग मी येते. खोदणारी म्हणून घाल माझं नाव."

त्या सकाळी फाटकावर मेंग साहेब हातात कागद घेऊन उभे होते. ग्वांगशिकच्या पाठीवर काकू होत्या, कमरेभोवती चादर बांधून, लहान मूल बांधतात तशा. मागे फावडी घेऊन मी.

"नातेवाईक?" मेंग साहेबांनी विचारले.

"मी," ग्वांगशिक म्हणाला.

"खोदणारा एक?"

"मी," मी म्हणालो.

"खोदणारा दोन?"

ग्वांगशिकच्या खांद्यावरून काकूंनी हात वर केला.

मेंग साहेबांनी काकूंकडे पाहिले, कागदाकडे पाहिले. "या खोदणार?"

"हळूहळू," काकू म्हणाल्या.

साहेबांनी खूण केली आणि फाटक उघडले. ही एक गोष्ट मी मेंग साहेबांच्या नावावर जमा धरतो.

वर रडारचा गुणगुण आवाज येत होता, मोठा फ्रीज चालू असल्यासारखा. म्हाताऱ्याच्या थडग्यावर गवत कमरेएवढे झाले होते. शेजारचा रिकामा उंचवटा तर झुडपात दिसेना. ग्वांगशिकने आईला खाली उतरवले आणि विळा घेऊन आधी बापाचे गवत कापले, मग आईचे. काकूंनी नवऱ्यापुढे पेला भरून ठेवला, दोन हात टेकून नमस्कार केला, आणि उठायला त्यांना आम्ही दोघे लागलो.

"आता?" ग्वांगशिकने फावडे उचलले. "आई, कुठून सुरू करू? डोक्याकडून?"

"तिथं नाही. इकडं." काकूंनी आपल्या रिकाम्या उंचवट्याकडे हात केला. "हे सपाट कर."

"आई?"

"ह्यात कोणी नाही. रिकाम्या घराला देव विचारत नाहीत. कर."

"अगं, पण तुझी जागा..."

"अरे, मला इथं ठेवलंस तर तुला दरवर्षी त्या फाटकावर दोघांसाठी उभं राहावं लागेल. आणि आज ह्यांना उचललंस तर तुला भोवेल. मी मेल्यावर जे सुख घेणार त्याचे पैसे तू भरणार? मला नको असलं." त्यांना दम लागला. थोडे थांबून त्या म्हणाल्या, "खालच्या सरकारी स्मशानात ठेव मला. बसथांब्याला लागून आहे. बस तरी वेळेवर येते."

ग्वांगशिक फावडे धरून उभाच राहिला. इतकी वर्षे सगळ्या गावाला दोन चापट्यांत वळवणारा माणूस, त्याला आता कोणीतरी वळवायला हवे होते. काकूंनीच काठीने त्याच्या पोटरीला टोचले. तेव्हा त्याने पहिले फावडे मारले.

मेंग साहेब धावत वर आले. "अहो, हे काय? परवानगी थडगं उकरायची आहे! सपाट करायची नाहीये!"

"मग विचारा वरती," काकू म्हणाल्या.

मेंग साहेबांनी फोन काढला. नंबर लावला, कानाला धरला, आणि पलीकडून कोणी बोलायच्या आत बंद करून खिशात ठेवला. मग कोट काढून झुडपावर टाकला आणि माझ्या हातातले फावडे मागितले. त्यांना ते कसे धरतात हे माहीत नव्हते. माती जिथे पडायला हवी तिथे सोडून सगळीकडे पडत होती. कोणी हसले नाही.

ऊन वर येईपर्यंत उंचवटा गेला. ग्वांगशिक गुडघ्यांवर बसून तळहातांनी माती चोपत होता, ढेकळे बोटांनी फोडत होता. काकू शेजारी नवऱ्याच्या थडग्याला टेकून बसल्या होत्या.

"झालं, आई," तो म्हणाला. मान वर केली नाही.

काकूंनी काठी पुढे करून माती चाचपली. "तिथं कडेला अजून थोडं उंच आहे," त्या म्हणाल्या. "नीट कर. रात्री उठून हिंडायची सवय आहे ह्यांना. ठेच लागेल."

ग्वांगशिक पुन्हा गुडघ्यांवर पुढे सरकला आणि कडेची माती दाबू लागला.